दहा खाटांचा हिशोब

१८ ऑगस्ट २०२२ रोजी फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी बेकायदा मतदानाबद्दल २० जणांवर कारवाई जाहीर केली. खून किंवा लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना तिथे मताधिकार आपोआप परत मिळत नाही, आणि हे २० जण तसेच होते. पण यातल्या अनेकांना मतदार कार्ड दिले होते ते सरकारी कचेरीनेच. पुढच्याच महिन्यात याच गव्हर्नरांनी तुरुंगांवर नॅशनल गार्डचे जवान धाडले, कारण पहाऱ्याला माणसे पुरत नव्हती. या दोन बातम्या शेजारीशेजारी ठेवून वाचायला हव्यात.

त्याच वर्षीच्या एका कायद्याने निवडणूक गुन्ह्यांसाठी वेगळे कार्यालय काढले. कुटुंबाबाहेरच्यांच्या दोनाहून अधिक टपाली मतपत्रिका गोळा करणे हा आधी किरकोळ गुन्हा होता, तो गंभीर गुन्ह्यांत गेला. त्याबरोबर कैद्याचा पत्ताही बदलला. किरकोळ गुन्ह्याला फार तर वर्षभर, तेही काउंटीच्या तुरुंगात. या गंभीर गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत, आणि वर्षाच्या वरची कैद राज्याच्या तुरुंगात. शिवाय तिथे शिक्षेचा ८५ टक्के भाग भोगावाच लागतो, म्हणजे पाच वर्षांतली सव्वाचार.

अशा विधेयकामुळे राज्याच्या तुरुंगात किती खाटा जादा लागतील, याचा अंदाज तिथे एक समिती बांधते. दहा किंवा त्याहून कमी लागणार असतील तर शेरा ‘पॉझिटिव्ह इनसिग्निफिकंट’. (पॉझिटिव्ह म्हणजे कैदी वाढणार!) निवडणुकीचे खटले मुळात थोडे, त्यामुळे असा शेरा सहसा खोटा ठरत नाही. मला धास्ती आहे ती नेमकी याचीच. अधिवेशनागणिक शिक्षा वाढवणारी विधेयके येतात, प्रत्येकाचा भार नगण्य. आणि एकेका विधेयकावर मत देताना त्या सगळ्या नगण्यांची बेरीज समोर नसते.

खाटेच्या अलीकडचा खर्च तर त्या शेऱ्यात येतच नाही. अटक, काउंटीची कोठडी, सरकारी बचाव वकिलाचे तास, कोर्टाच्या तारखा. त्या २० पैकी काही खटले न्यायाधीशांनी फेटाळले, कारण राज्याच्या अभियोक्त्याला ते चालवण्याचा अधिकारच नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये विधिमंडळाने खास अधिवेशनात तो अधिकार वाढवून दिला.

तुरुंगांवर गेलेल्या त्या सुमारे ३०० जवानांसाठी विधिमंडळाच्या अर्थसंकल्प समितीला ३ कोटींहून अधिक डॉलर मंजूर करावे लागले होते. त्या रकमेला मात्र कुणी नगण्य म्हणणार नाही.