गोल्फचे सरही सरच



मागच्या आठवड्यात लातूरला नणंदेकडं गेले होते. भाचा पुण्याहून आला होता. सहा वर्षं तो गोल्फच्या स्पर्धा खेळतोय. आता त्यानं स्पर्धा सोडून क्लबात शिकवायचं ठरवलंय. सूर्यास्ताआधीची जेवणं चालली होती. वाढता वाढता नणंद म्हणाली, "वहिनी, एवढा पैसा घातला आणि शेवटी मास्तरच झाला की हो!" पोरगा मान खाली घालून भाकरी मोडत राहिला. मी गप्प बसले. नांदेडला परतताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

अहो, लातूर म्हणजे शिकवणीचं गाव! फिजिक्सच्या सरांचे फोटो चौकाचौकांत लागतात. पोराला चार मार्क वाढवून देणाऱ्या सरांना आपण वाकून नमस्कार करतो. मग गोल्फ शिकवणाराच "शेवटी मास्तर" कसा?

भाच्याला फोन करून सगळं विचारलं. व्यावसायिक स्पर्धा बहुतेक चार दिवसांची. दोन दिवसांनंतर खालच्या नंबरांची नावं गळतात, त्याला 'कट' म्हणतात. कट हुकला की बक्षिसाचा रुपया नाही. प्रवास, हॉटेल, कॅडीचा खर्च मात्र आपलाच. पुण्याचा उदयन माने देशातल्या स्पर्धा जिंकलेला खेळाडू, पण 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला त्याला जागा मिळाली ती अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिजोनं माघार घेतल्यावर. इतक्या बारीक धाग्यावर संसार कसा उभा करायचा?

या लोकांना कमी लेखणं जुनंच आहे म्हणे. 1920 मध्ये इंग्लंडात डील इथं ओपन स्पर्धा झाली, तेव्हा पैसे घेऊन खेळणाऱ्यांना क्लबहाउसमध्ये प्रवेश नव्हता. अमेरिकेच्या वॉल्टर हेगननं भाड्याची मोटार दारासमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले! (मला तो माणूस फार आवडला.) त्याच वर्षी अमेरिकेत टोलेडोच्या इन्व्हरनेस क्लबनं या खेळाडूंना दार उघडलं, तर त्यांनी वर्गणी काढून क्लबला मोठं घड्याळ भेट दिलं. आपल्याकडं अली शेर दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी होता, लोकांच्या बॅगा उचलायचा. 1991 मध्ये तो इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला, आणि 1993 मध्ये पुन्हा जिंकला.

शिकवणं हे हरलेल्याचं काम नाही. दहा वर्षांच्या मुलीला काठी धरायला शिकवायची ती एका रीतीनं, गुडघे दुखणाऱ्या साठीच्या काकांना वेगळ्या. स्वतः चांगलं खेळता येणं आणि दुसऱ्याच्या अंगातली चूक ओळखणं, या दोन निराळ्या विद्या. स्वयंपाकाचंही तसंच ना? माझ्या सासूबाईंच्या हाताला चव होती, पण शिकवलं मला जाऊबाईंनी.

नणंदेची काळजी खोटी नाही. क्लब पगार देणार की फक्त शिकवण्यांचा वाटा? पावसाळ्यात मैदान ओलं असताना काय? हे प्रश्न आईनं विचारलेच पाहिजेत. पण ते विचारावेत, ताटावर टोमणा मारू नये.

काल तिला फोन केला. म्हटलं, "ताई, आता कुणी विचारलं तर सांगा, गोल्फचे सर आहेत." ती हसली, "बघू" म्हणाली. त्याच्याकडं सध्या सात मुलं येतात. तिनं त्याला शिकवताना अजून एकदाही पाहिलेलं नाही. दिवाळीनंतर आम्ही दोघी पुण्याला जाणार आहोत. तिकिटं मी काढते म्हटलंय.