शेळ्या कोणाच्या?



चांगला कायदा लोकांनी नाकारला की साहेब लोक म्हणतात, अडाणी आहेत, दुसरं काय! असं ऐकलं की आम्हाला अमेरिकेतले नावाहो आठवतात. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला हा आदिवासी समाज.

१९३४ साली वॉशिंग्टनने इंडियन रीऑर्गनायझेशन अ‍ॅक्ट केला. जमातींच्या जमिनीचे तुकडे पाडणे बंद. त्यांनी आपली घटना लिहावी, आपला कारभार पाहावा. खात्याचे प्रमुख जॉन कोलियर तर आदिवासींचे कैवारी. मग नावाहो नको का म्हणाले?

शेळ्यांपायी! चराई फार होऊन जमीन धुपते, तेव्हा जनावरे कमी करा, असा कोलियरसाहेबांचा हुकूम. जमीन धुपत होती हे खरेच. पण संमती घेतली कौन्सिलची, आणि कौन्सिलात सगळे पुरुष. नावाहोंत कूळ आईकडून चालते आणि शेळ्या-मेंढ्या बहुतेक बायकांच्या. दूध-मटण शेळीचे, गालिचे विणायला लोकर मेंढीची. त्या बायकांना कोणी विचारलंच नाही. शेळीमागे जेमतेम एक डॉलर हातावर टेकवला. कळप हाकून नेणे जमेना तिथे जागीच गोळ्या घातल्या, मांस कुजत पडलं. मोठ्या कळपवाल्याने म्हातारी जनावरे देऊन वेळ मारून नेली. जिच्याकडे मोजक्याच शेळ्या, तिचं घर बसलं.

१९३५ च्या जूनमध्ये कायद्यावर मतदान झाले. बाजूने ७,६७९, विरुद्ध ८,१९७. जे. सी. मॉर्गन यांनी विरोधाचे रान उठवले होते, हेही आहे. पण पोळलेल्या माणसांना भाषण कशाला हवं?

वॉर्डात आम्ही हेच पाहिलं. न सांगता सुई टोचली की पेशंट दुसऱ्या दिवशी साधी गोळीसुद्धा थुंकून टाकतो.

१९५५ साली आदिवासींची आरोग्यसेवा पब्लिक हेल्थ सर्व्हिसकडे गेली. या वेळी मात्र कौन्सिलात अ‍ॅनी वॉनेका होत्या, १९५१ साली निवडून आलेल्या. क्षयाचे रोगी दवाखाना अर्धवट सोडून घरी पळत. या बाई आधी डॉक्टरांकडून रोग समजून घेऊन मग घरोघर गेल्या, खाटेशी बसून नावाहो भाषेत समजावलं, डॉक्टरी शब्दांचा नावाहो कोशही केला. १९६३ साली त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले.

आणि हो, लहानपणी अ‍ॅनीबाई बापाच्या मेंढ्या राखायच्या.