पोळं काढायला वॉचमनला चढवू नका

खिडकीच्या ग्रिलवर किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटमागे गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं की सीवूड्समधल्या आपल्या सोसायट्यांत काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो येतो, ‘आजच्या आज काढा’ असा हुकूम सुटतो आणि थोड्याच वेळात वॉचमन नाहीतर सफाई कामगार शिडीवर चढतो. हातात रॉकेलचा टेंभा किंवा झुरळांचा स्प्रे, तोंडाला रुमाल. आपण बंद काचेआडून सूचना देतो. ही पद्धत बंद झाली पाहिजे.

गांधीलमाशी उगाच अंगावर येत नाही. पोळ्याला धक्का लागला, धूर किंवा फवारा बसला, की ती चावते. मधमाशीचा काटा कातडीत अडकतो आणि ती मरते. गांधीलमाशीचा काटा सहसा अडकत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. शिडीवरच्या माणसाला पळायला जागा नसते. डंखाने वाचला तरी तो पडून हाड मोडून घेतो.

बहुतेकांना डंखाने फक्त वेदना, लाली आणि सूज येते. साबण-पाण्याने धुवा, बर्फ लावा, अंगठी-बांगडी लगेच काढा. मधमाशीचा काटा दिसत असेल तर तो क्षणाचाही वेळ न घालवता काढा. लोखंड घासणं, चुना, टूथपेस्ट, कांदा यांनी विष उतरत नाही. उलट चुन्याने कातडी भाजते.

काही जणांना मात्र एकाच डंखाने जिवावर बेततं. अंगभर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, दम लागणं, उलट्या, चक्कर, शुद्ध हरपणं ही लक्षणं बहुधा काही मिनिटांत सुरू होतात. याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात आणि यावरचं पहिलं औषध एकच: मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. अ‍ॅलर्जीची गोळी किंवा एव्हिल-डेक्साचं इंजेक्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. हे मी माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगतो आहे. अ‍ॅड्रेनलिन स्वस्त आहे. प्रत्येक दवाखान्यात ते असायलाच हवं. अशा रुग्णाला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा, दम लागला असेल तर टेकवून बसवा. पण उभं करू नका, चालवू नका. 108 ला फोन करा.

खूप डंख बसले असतील, तर अ‍ॅलर्जी नसली तरी रुग्णालयात जा. विषामुळे स्नायू आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. लघवी कमी किंवा चहासारखी गडद होणं हा धोक्याचा इशारा आहे आणि तो एक-दोन दिवसांनीही दिसू शकतो.

मग पोळ्याचं काय करायचं? आधी ते नेमकं कुणाचं आहे, ते लांबून पाहा. उलट्या छत्रीसारखं, कागदी, उघड्या खणांचं छोटं पोळं गांधीलमाशीचं. गच्चीच्या छज्जाखाली लोंबणारं मोठं, अर्धगोल पोळं आग्या मोहोळाचं. तिथे दगडही मारू नका, सगळी वसाहत अंगावर येते. वावरापासून दूर असलेलं गांधीलमाश्यांचं पोळं तसंच राहू द्या. त्या आपल्या पिल्लांना अळ्या खाऊ घालतात. बागेतली कीड फुकटात कमी होते. दारापाशी, खेळण्याच्या जागेत किंवा डंखाची अ‍ॅलर्जी असलेल्याच्या घराजवळ असेल तर काढायलाच हवं. पण संरक्षक पोशाख असलेल्या, हे काम जाणणाऱ्या माणसाकडून, अंधार पडल्यावर आणि आधी सगळ्यांना खिडक्या बंद करायला सांगून.

‘त्याचे पैसे कुणी द्यायचे?’ हा प्रश्न मीटिंगमध्ये हमखास येतो. लिफ्टच्या देखभालीचे आपण देतो, टाकी साफ करण्याचे देतो. मग याचेच का नाहीत? डीपीएस तलावावरच्या फ्लेमिंगोंसाठी हातात हात घालून उभी राहणारी ही वस्ती आहे. गेटवर बारा तास उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाची किंमत एका पेस्ट कंट्रोलच्या बिलापेक्षा कमी नाही. पुढच्या मीटिंगमध्ये हा ठराव तुम्ही मांडा.