बाईंच्या टाचणात बाई कुठे?

शिक्षिकेला नियोजन शिकवायला कुणी जाऊ नये, ती हसेल. वार्षिक नियोजन, मासिक नियोजन, घटक नियोजन आणि वर रोजचं टाचण. डीएडपासून हात बसलेला असतो. अपूर्णांकाला किती तासिका, कुठला पाठ दिवाळीआधी संपवायचा, त्याला साहित्य काय लागेल, सगळं जूनमध्येच कागदावर. पण मैत्रिणींनो, एवढ्या वह्यांत बाईंनी पाणी कधी प्यायचं, ते कुठंच लिहिलेलं नसतं.

हसू नका. कितीतरी जणी शाळेला निघताना चहासुद्धा अर्धाच कप घेतात. शाळेत स्वच्छतागृह असलं तरी तिथे पाणी असेलच असं नाही, आणि पहिलीचा वर्ग सोडून जायचं कसं? मग दिवसभर पाणी टाळायचं, लघवी रोखायची आणि पुढे जळजळ, ताप, गोळ्या. मी सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. केंद्राच्या बैठकीला आम्ही बायका जमलो की हा विषय निघायचाच, फक्त हळू आवाजात. त्यानंतर घसा, गुडघे, थायरॉइड. उत्तरही ठरलेलं. "दिवाळीच्या सुट्टीत दाखवते." दिवाळीत फराळ आणि पाहुणे, म्हणून मग मे महिना. मे महिन्यात लग्नं.

एका शाळेत मी आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंनी सरळ वेळापत्रकातच सोय करून टाकली. सकाळी एकदा आणि दुपारच्या सुट्टीनंतर एकदा, पाच मिनिटं ती माझ्या वर्गाकडे बघणार, पाच मिनिटं मी तिच्या. पेन्सिलीनं लिहिलं होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "पाणी." ते काही बोलले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. जे काम आपण झोपेतही करू शकतो, त्यातलं थोडं स्वतःकडे वळवायचं.

याला कायद्याचाही आधार आहे, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. शिक्षण हक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१०पासून लागू झालेला. त्याच्या अनुसूचीत शिक्षकांसाठी आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत आणि त्यात तयारीचे तास धरलेले आहेत. म्हणजे टाचण काढणं हा रात्री भांडी आवरून झाल्यावर करायचा उद्योग नव्हे, ते कामाच्या तासांतलं काम आहे. शाळा सुटल्यावर अर्धा तास तिथेच बसा, उद्याचं लिहा आणि वही कपाटात ठेवूनच निघा. नंतरची एसटी दिवेलागणीला असेल तर हे जमणार नाही, कबूल. मग परिपाठाआधीचा वेळ बघा.

याच कायद्याचं २७वं कलम म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येणार नाही. प्रत्यक्षात काय चालतं ते मी तुम्हाला काय सांगणार! त्यासाठी संघटनांनी भांडलंच पाहिजे, एकटीचं ते काम नाही. पण मोबाइलच्या ग्रुपवर संध्याकाळी "आजच्या आज माहिती पाठवा" असं येतं, तेव्हा मागतात तेच ते. जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खातं, वजन-उंची. जुलैतच एका रजिस्टरात सगळ्या मुलांचं हे उतरवून ठेवलं की संध्याकाळ जात नाही, दहा मिनिटं जातात.

आता रजा. दोनशिक्षकी शाळेत एकीनं रजा घेतली की चारही इयत्ता दुसरीच्या गळ्यात. या विचारानंच आपण ताप अंगावर काढतो. त्यावर माझ्याकडे उपाय होता एक पत्र्याची पेटी. वाचनपट्ट्या, शब्दकार्डं, उदाहरणांच्या चिठ्ठ्या, पाच वाक्यं लिहिण्यासाठी जुन्या कॅलेंडरची चित्रं, थोडी गोष्टींची पुस्तकं. इयत्तेप्रमाणे वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं बांधलेले गठ्ठे, तीन-चार दिवस पुरतील एवढे. कोणता गठ्ठा केव्हा काढायचा, ते चौथीतल्या दोन मुलींना पाठ. मे महिन्याच्या दोन दुपारी लागल्या तयारीला. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी दोन दिवस दवाखान्यात निवांत बसले, शाळेतून एकच फोन आला. पेटीची किल्ली कुठंय?

घशासाठीही थोडी आखणी करता येते. ओरडून शिकवायच्या दोन तासिका लागोपाठ ठेवू नका. जेवणानंतर जोडीवाचन किंवा गटकार्य ठेवा, खुर्चीवर बसा. बाई बसल्या म्हणून शिकवणं थांबलं, असा समज असणाऱ्यांना एक दिवस पहिली-दुसरी एकत्र सांभाळायला द्यावी.

आणि सुट्ट्यांची यादी हाती आली की सणांच्या आधी आपल्या तारखा टाका. रक्ततपासणी, दात, डोळे. दूध आणि गॅसच्या नोंदी असतात त्याच कॅलेंडरवर, घरातल्या सगळ्यांना दिसतील अशा. डॉक्टरांचा नंबर तेव्हाच लावून टाका, नाहीतर ती तारीख नुसती शाई.

राहिलं स्वयंपाकघर. मासिकांतून सल्ला येतो की रविवारी वाटणं करून ठेवा, भाज्या निवडून ठेवा, आठवडा सुखात जाईल. मला याची जरा धास्तीच वाटते. शनिवारी सकाळची शाळा, रविवारी दिवसभर निवडणं-चिरणं, मग सोमवारी दमून शाळेत! ही आखणी घराच्या सोयीची झाली, तिच्या नाही. लहान गावांत बऱ्याचदा नवराही शिक्षकच असतो. दोघं एकाच वेळी घरी येतात, चहा मात्र एकालाच आयता मिळतो. त्यापेक्षा आठवड्याच्या कामांचा कागद करा आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहा, दर वेळी आपलंच नको. सातवीतल्या मुलाच्या नावापुढे कुकर लिहिलात तर पहिले आठ दिवस भात गिचका होईल. होऊ द्या. तुम्ही उठू नका.