सवय झालेली धूळ

दिवाळीच्या तोंडावर घराघरांतली जळमटे निघतात, काजळी मोरीतून वाहून जाते आणि गृहिणीला हायसे वाटते. मी पडलो मराठीचा मास्तर. मला शब्दांची गंमत वाटते. काजळ आणि काजळी, दोघांचे कूळ एकच. पण एक डोळ्यांत घालायचे, दुसरी पुसून टाकायची!

ही काजळी कॅन्सरला कारण होते, असे १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट ह्या शल्यवैद्याने लिहून ठेवले. तिथली अरुंद धुराडी साफ करायला लहान पोरे आत चढवीत. काजळी त्यांच्या जांघेतल्या कातडीच्या वळ्यांत साचे आणि पुढे मोठेपणी तिथे व्रण उमटे. उपाय काय तो अवघड? रोज आंघोळ आणि अंगभर कपडे! १७८८ साली कायदा झाला, की आठ वर्षांखालील मूल ह्या कामाला ठेवू नये. तो पाळतो कोण? पोरांचे चढणे खरोखर थांबले ते १८७५ च्या कायद्याने. शंभर वर्षे लागली! कारण उघड आहे. रोग गरिबाच्या पोराला होत होता आणि ऊब श्रीमंताच्या दिवाणखान्याला मिळत होती.

'कामगारांचे दुखणे, आपल्याला काय त्याचे?' असे म्हणणाऱ्यांनी पुढचे ऐकावे. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे आत गेले, की तीस-चाळीस वर्षांनीही फुप्फुसाच्या आवरणाला कॅन्सर होऊ शकतो. १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्प्सन ह्यांनी अशा ७६ रुग्णांची हकीकत तपासली. त्यांतल्या नऊजणांनी कारखान्यात कधी काम केले नव्हते. घरातले माणूस तिथे कामाला होते, एवढेच. बहुतेकींनी त्याचे कपडे झटकले होते, धुतले होते.

आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यांत अजूनही बहुधा हाच ॲस्बेस्टॉस असतो. धड पत्रा मुकाट पडून असला तर भय थोडे. तो कापला, फोडला, कोरडा झाडला की तंतू उडतात.

गेल्या मे महिन्यात आमच्या गच्चीवरचे पत्रे उतरवीत होते. मंडळींनी खिडक्या लावून घेतल्या. कामगार उघड्या तोंडाने पत्रे कापीत होता. मी म्हटले, "अहो, आधी पाणी मारा, पत्रा अख्खा उतरवा. आणि हा सदरा घरी झटकू नका."

तो हसला. "सर, आपल्याला सवय आहे."

सवय हाताला होते, मनाला होते. फुप्फुसाला होत नाही. पाण्याची बादली आणि तोंडाला योग्य मुखवटा देणे हे काम सांगणाऱ्याचे कर्तव्य आहे. आणखी शंभर वर्षे थांबायचे कारण नाही.