यंत्राची पेटी

आमच्या दारव्ह्याच्या घरीं तिघां भावांचीं कुटुंबें एका चुलीवर नांदतात. गेल्या चैत्रांत पुतण्यानें मागील पडवींत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनें लांकूड कोरणारें यंत्र, मांडलें. यवतमाळ जिल्हा सागवानाचा; देव्हाऱ्यांच्या कोरीव दारांना गिऱ्हाईक मिळूं लागलें. परंतु यंत्राच्या किंकाळीनें मुलांचा अभ्यास बुडाला आणि बारीक भुशानें वहिनींचा दमा बळावला. ‘दसऱ्यापर्यंत उपाय करा, नाहीं तर यंत्र विका,’ असें थोरल्या बंधूंनीं बजावलें. बोलणें कठोर, पण वावगें नव्हतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालींच लांकडाच्या धुळीची गणना कर्करोगकारक द्रव्यांत केली आहे.

तयार पेटीची किंमत ऐकून छाती दडपली. तेव्हां ती घरींच करण्याचें आम्हीं ठरविलें. पहिला प्रयत्न फसला, आणि चूक माझीच होती. पाऊण इंची जुन्या प्लायवुडची पेटी आंतून कापसानें मढवून मीं चहूंबाजूंनीं गच्च बंद केली. वऱ्हाडांत कापसाला काय तोटा! अर्ध्या तासांत मोटार हात लावूं नये इतकी तापली. भुसा आणि कापूस यांच्यामध्यें एखादी ठिणगी पडती, तर पडवीची होळी झाली असती.

दुसऱ्या खेपेस शिकलों तें वाचकांपुढें ठेवतों. ध्वनि पाण्यासारखा फटींतून वाट काढतो. भिंतींचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला, तरी आवाजांत सुमारें २० डेसिबलांहून अधिक घट मिळत नाहीं. म्हणून दाराच्या कडांना रबराची पट्टी हवीच. जड फळी आवाज अडविते, मऊ अस्तर तो शोषून घेतें. अस्तरास न जळणारें रॉकवूल घ्यावें व त्यावर काचतंतूंचें कापड ताणावें. यंत्र रबरी पायांवर ठेवावें, पेटीला त्याचा स्पर्श होऊं देऊं नये. नाहीं तर कंप फळ्यांत उतरतो. खिडकीला काच नको, पॉलिकार्बोनेटचा पत्रा असावा. अवजार तुटून उडालें तर काच फुटेल.

उष्णतेला मात्र वाट द्यावीच लागते. हवा आंत येण्यासाठीं खालच्या अंगास अस्तर लावलेली नागमोडी वाट ठेवावी. वळणांवर आवाज दमतो, हवा दमत नाहीं. दुसऱ्या अंगास धूळ ओढणाऱ्या पंख्याची नळी जोडून भुसा व ऊन हवा परसांतील पिशवींत न्यावी. आंतील हवा सतत ओढली गेल्यानें फटींतून धूळहि घरांत येत नाहीं. एका पंख्यानें दोन्ही कामें साधतात, हा देहलीदीपन्यायच. विजेचा नियंत्रक व बंद करण्याचें बटण पेटीबाहेर, हाताशीं असावें; आणि चालतें यंत्र सोडून कोणी जेवायला उठूं नये.

एकंदर खर्च साडेचार हजार रुपये आला. यंत्र मुकें झालें नाहीं; त्याची गुणगुण माजघरांत ऐकूं येते, म्हणून दुपारीं दोन तास तें बंद ठेवण्याचा नियम केला आहे. पेटीनें वहिनींचा दमा बरा होणार नव्हता. पण त्यांच्या खोलीची खिडकी आतां दिवसभर उघडी असते. दसऱ्यास यंत्राची पूजा झाली. झेंडूची माळ थोरल्या बंधूंनींच घातली.