वाद आणि विचार

मुलांनो, दोन माणसांची मते निराळी असली की वाद होतो. त्यात वाईट काही नाही. परंतु पुष्कळदा मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि चतुर बोलणाऱ्याचा जय होतो. जे कारणासारखे दिसते, पण कारण नसते, त्याला आपल्या प्राचीन न्यायशास्त्रात ‘हेत्वाभास’ म्हटले आहे. आपण त्याला तर्कदोष म्हणू.

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे वैनगंगेवर मोठे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी त्याची पायाभरणी झाली. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील शेतीला पाणी मिळावे, हा त्याचा हेतू. त्यासाठी अनेक गावांतील लोकांना घरेदारे व शेते सोडावी लागली. अशा विषयावर पारावर वाद रंगणारच. त्यातील बोलणी पारखून पाहा.

एक जण म्हणतो, “धरण नको असेल, तर दुष्काळ भोगा!” जणू तिसरा मार्गच नाही. शेतीला पाणी मिळावे आणि उठलेल्या कुटुंबांचे पुनर्वसनही नीट व्हावे, असे म्हणता येत नाही काय?

दुसरा म्हणतो, “तुझी जमीन गेली, म्हणून तू मोबदला अपुरा म्हणतोस.” जमीन गेली हे खरे, पण तेवढ्याने त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. मोबदला पुरेसा की अपुरा, हे हिशेबाने ठरते, बोलणाऱ्याकडे बोट दाखवून नव्हे.

तिसरा म्हणतो, “धरण झाले, मग पूर आला, तेव्हा पूर धरणानेच आणला.” ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. त्या वेळी वरच्या भागात मुसळधार पाऊस झाला होता, मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून पाणी सुटले होते आणि गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडले गेले होते. पाणी सोडण्याची वेळ योग्य होती काय, गावांना सूचना वेळेवर मिळाली काय, हे अवश्य विचारावे. त्याचे उत्तर मात्र नोंदींत शोधावे. एक गोष्ट आधी व दुसरी नंतर घडली, एवढ्याने पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. कावळा बसला आणि फांदी तुटली, म्हणून कावळ्याने फांदी तोडली असे कोणी म्हणेल काय?

आता एक सावधगिरी. तर्कदोष ओळखता येऊ लागले, की ते शस्त्रासारखे वापरण्याचा मोह होतो. “तुझा तर्क चुकला, म्हणून तुझे म्हणणे खोटे,” असे म्हणणे हाही तर्कदोषच होय. ज्याचे घर पाण्याखाली गेले, त्याला कदाचित मुद्देसूद बोलता येणार नाही. परंतु त्यामुळे त्याचे दुःख खोटे ठरत नाही. अशा वेळी त्याचा मुद्दा आपणच नीट मांडून पाहावा आणि मग त्याला उत्तर द्यावे.

समोरच्याला गप्प बसविणे सोपे आहे. पण तो गप्प बसला म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र समजू नये.